तीन धरणांच्या मधला पूर

हिंगोली जिल्ह्याचा नकाशा पाहिला तर पुराचा बंदोबस्त इथे कधीच होऊन गेला आहे असे कुणालाही वाटावे. पश्चिम सीमेवर पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. त्याच नदीवर खाली, औंढा नागनाथ तालुक्यात, सिद्धेश्वर आहे. ईशान्येला यवतमाळच्या सीमेवर पैनगंगा अडवून उभे केलेले ईसापूर आहे. उपयुक्त साठा पाहिला तर येलदरीत सुमारे 810 दशलक्ष घनमीटर, ईसापुरात 964 आणि सिद्धेश्वरात 81. तिन्ही मिळून साडेपासष्ट टीएमसी. साडेचार हजार चौरस किलोमीटरच्या, पाच तालुक्यांच्या जिल्ह्याभोवती एवढे पाणी धरून ठेवणाऱ्या भिंती महाराष्ट्रात फार ठिकाणी नाहीत.

तरीही अलीकडच्या पावसाळ्यांत ज्या पुरांनी हिंगोलीचे नाव राज्यभर पोचवले, ते या भिंतींपर्यंत गेलेच नव्हते. ते आले आसना आणि कयाधू या नद्यांतून, आणि ज्यांचे नाव गावाबाहेर कुणाला ठाऊक नसते अशा ओढ्यांतून. धरणे फुटली नाहीत, चुकली नाहीत. ती त्या पाण्याच्या वाटेवरच नव्हती. असे का झाले हे समजून घ्यायचे तर शंभरेक वर्षे मागे जावे लागते, आणि सुरुवात हिंगोलीपासून दूर, हैदराबादेत करावी लागते.

त्या काळी हिंगोली निजामाच्या राज्यात होती. हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी इथे होती. ती 1903 मध्ये उठली. पूर्णा ते हिंगोली रेल्वे 1912 मध्ये सुरू झाली. या दोन घटनांच्या मधल्या काळात, 28 सप्टेंबर 1908 रोजी, राजधानीच्या शहरात मुसी नदीला पूर आला. जवळच्या शमशाबादला चोवीस तासांत 12.8 इंच, म्हणजे सुमारे 325 मिलिमीटर पाऊस पडला होता. नदी पात्र सोडून वस्तीत शिरली. मृतांचा आकडा पंधरा हजारांच्या आसपास धरला जातो. अफझलगंजच्या दवाखान्याच्या आवारातल्या एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसे वाचली, आणि ते झाड आजही दाखवले जाते.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी या संकटानंतर एका निवृत्त अभियंत्याला बोलावले. मुंबई इलाख्याच्या नोकरीतून नुकतेच मोकळे झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1909 मध्ये हैदराबादेत दाखल झाले. त्यांनी पूर कसा आला याचा शोध घेतला तेव्हा एक आकडा पुढे आला, आणि हिंगोलीच्या दृष्टीने तोच आज सर्वांत मोलाचा वाटतो. मुसीच्या पाणलोटात 788 तलाव होते. त्यांतले 221 फुटले होते. एक तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर आदळायचे, मग तो फुटायचा. म्हणजे नदीला पूर आला तो एका मोठ्या प्रवाहाने नव्हे. शेकडो लहान पाण्यांनी मिळून तो घडवला होता.

विश्वेश्वरय्यांनी सुचवलेला उपाय मात्र मोठ्या पाण्यासाठी होता. शहराच्या वर दोन जलाशय बांधायचे, पूर तिथेच थोपवायचा आणि हळूहळू सोडायचा. त्यातून मुसीवर उस्मानसागर 1920 मध्ये आणि ईसा नदीवर हिमायतसागर 1927 मध्ये उभे राहिले. उपाय लागू पडला. राजधानी एक, नद्या दोन, त्या कुठून येतात ते ठाऊक. अशा जागी धरणाने पूर अडवता येतो. पण याच हैदराबादेत 2020 च्या ऑक्टोबरात जलाशयांच्या खाली, शहरावरच पाऊस कोसळला, तलावांचे बांध फुटले आणि नाल्यांकाठच्या वस्त्या बुडाल्या. वरून येणाऱ्या पाण्यासाठी बांधलेल्या भिंतींना खाली पडणाऱ्या पावसाचे काही करता येत नाही, हे तिथे शंभर वर्षांनी दिसले.

विश्वेश्वरय्यांचा विचार राज्याच्या अभियंत्यांत रुजला, पण खेड्यांकडे येताना त्याचे रूप पालटले. मराठवाड्याचे दुखणे पूर नव्हते, अवर्षण होते. निजामाच्या काळात अली नवाज जंग यांनी मांजरा नदीवर निजामसागर बांधला तो शेतीसाठी. 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका. या नव्या राज्याने मराठवाड्याला दिलेल्या पहिल्या मोठ्या गोष्टींपैकी पूर्णा प्रकल्प ही एक.

पूर्णा प्रकल्प म्हणजे एका नदीवरची दोन धरणे. वरच्या येलदरीत पाणी साठवायचे, त्यावर 22.5 मेगावॉट वीज काढायची, वीज काढून सुटलेले पाणी खालच्या सिद्धेश्वरात धरायचे आणि तिथून कालव्यांनी वसमत, परभणी, नांदेडकडच्या शेतांना द्यायचे. दोन्ही धरणे 1968 पर्यंत पूर्ण झाली. येलदरीची भिंत सव्वाचार किलोमीटर लांब. सिद्धेश्वरची तर सहा किलोमीटरांहून जास्त. वसमतच्या काळ्या जमिनीत आज जो ऊस आणि जी हळद दिसते, त्या शेतीचे भाग्य या कालव्यांशी बांधलेले आहे. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानांकनाच्या मागे सिद्धेश्वरचे पाणी आहे असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

ईसापूर नंतरचे. पैनगंगेवरचे हे धरण 1982 मध्ये पूर्ण झाले. त्याचे पाणी नांदेड, यवतमाळ आणि हिंगोलीत वाटले जाते, आणि ते कुणाला किती मिळते यावरचे भांडण धरणाइतकेच जुने आहे.

या तिन्ही धरणांच्या रचनेत पूरनियंत्रण हा मुख्य हेतू नव्हता. सिंचनाचे धरण ऑक्टोबरपर्यंत काठोकाठ भरावे लागते, नाहीतर उन्हाळ्यात कालवा कोरडा राहतो. पुराचे धरण रिकामे ठेवावे लागते, नाहीतर येणारे पाणी घेणार कशात? एकाच भिंतीकडून दोन्ही कामे करून घ्यायची म्हणून जलाशय परिचालन सूची असते. कोणत्या तारखेला किती टक्के साठा ठेवायचा, त्यावर पाणी आले तर किती सोडायचे, हे ती सांगते. कागदावर ती निर्दोष असते. प्रत्यक्षात ऑगस्टच्या मध्यात धरण ऐंशी टक्क्यांवर असताना दरवाजा उघडायचा निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यासमोर दोन भुते उभी असतात. एक पुढच्या आठवड्यातल्या पुराचे, दुसरे पुढच्या एप्रिलमधल्या पाणीटंचाईचे. मराठवाड्यात दुसऱ्या भुताची भीती जास्त, आणि ती उगाच नाही.

तरी मोठ्या नदीवर धरणाचा एक फायदा निःसंशय होतो: वेळ मिळतो. बुलडाण्यात खडकपूर्णा धरणातून पाणी सुटले की ते येलदरीला पोचायला अवधी लागतो. येलदरीचे दहा दरवाजे उघडायचे ठरले तर सिद्धेश्वरला कळवले जाते, सिद्धेश्वरकडून वसमत आणि पूर्णा तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांना इशारा जातो, कोतवाल दवंडी देतो, तलाठ्याचा संदेश मोबाइलवर येतो. लोक मोटारी काढून घेतात, जनावरे वर आणतात. पाणी शेतात शिरते, पण माणूस सहसा सापडत नाही. पूर्णाकाठच्या गावांना पूर नवा नाही, आणि त्याचे वेळापत्रक त्यांना कळते.

या बंदोबस्तातून सुटला तो मधला प्रदेश.

पूर्णा दक्षिणेकडून जाते, पैनगंगा उत्तरेच्या सीमेने. या दोघींच्या मध्ये कयाधू आहे. ती वाशिमकडून येते, सेनगाव, हिंगोली आणि कळमनुरी तालुक्यांतून वाहत जाते आणि पुढे नांदेड जिल्ह्यात हदगाव तालुक्यात पैनगंगेला मिळते. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी तिच्याच काठावर आहे. जिल्ह्याच्या मध्यातून जाणारी आणि जिल्ह्याच्या मुख्य गावाला खेटून वाहणारी हीच नदी, पण तिच्यावर मोठे धरण नाही. कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. आग्नेयेला वसमत तालुक्यात आसना आहे. ती नांदेडजवळ गोदावरीला मिळते. आसना तर कयाधूहूनही लहान. एरवी वर्षातले आठ महिने तिच्या पात्रातून चप्पल न भिजवता पलीकडे जाता यावे अशी.

जमीन कशी आहे हेही पाहायला हवे. अजिंठ्याच्या रांगेचे हातपाय इथवर पसरलेले आहेत. माथ्यावर मुरूम आणि उघडा बेसाल्ट, खाली खोल काळी माती. माथा पाणी मुरवत नाही. काळी माती पहिल्या पावसात भेगांतून पाणी पिते, पण एकदा फुगली की भेगा मिटतात आणि पुढचा थेंब वरूनच धावतो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यानंतर इथले शेत म्हणजे जवळजवळ फरशी.

आता हिशेब करू. शंभर चौरस किलोमीटरच्या लहान पाणलोटावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर ते एक कोटी घनमीटर पाणी होते. त्यातले निम्मे जरी तीन तासांत वाहून आले तरी ओढ्याच्या तोंडाशी सेकंदाला साडेचारशे घनमीटरांहून अधिक, म्हणजे सोळा हजार क्युसेकच्या घरात प्रवाह तयार होतो. धरणातून एवढा विसर्ग करायचा असेल तर आधी बैठक होते, प्रसिद्धिपत्रक निघते, काठच्या गावांना कळवले जाते. ओढ्याला यातले काही करावे लागत नाही. रात्री दोन वाजता, झोपलेल्या गावातून, तो सरळ निघतो.

असा पाऊस पूर्वीही पडायचा. बदलले ते त्याचे प्रमाण. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा ओडिशा-आंध्रच्या किनाऱ्यावर चढतो, विदर्भामार्गे पश्चिमेला सरकतो, अरबी समुद्राकडून त्याला बाष्प मिळते आणि वाटेत मराठवाडा येतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 1950 ते 2015 या काळात मध्य भारतातल्या व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे दिसले. एकूण पाऊस फारसा वाढलेला नसताना हे घडले. वर्षाला आठशे-साडेआठशे मिलिमीटर पावसाच्या हिंगोलीला याचा अर्थ असा, की पावसाळ्याचा मोठा वाटा आता मोजक्या दिवसांत, कधी मोजक्या तासांत उरकला जातो. अधल्यामधल्या आठवड्यांत शेतकरी आभाळाकडे बघत असतो.

8 जुलै 2022 च्या रात्री वसमत तालुक्यात हेच झाले. आसनेच्या पाणलोटात रात्रभर पाऊस कोसळला. कुरुंदा हे मोठे, बाजारपेठेचे गाव. पहाटेपर्यंत त्याच्या वस्तीत पाणी शिरले होते. शेजारच्या किन्होळ्याचीही तीच गत झाली. घरांतले धान्य, खताच्या गोण्या, दुकानातला माल भिजला, लोक मिळेल त्या गच्चीवर आणि उंचवट्यावर गेले. शेतातल्या आखाड्यांवर राहणाऱ्यांची अवस्था त्याहून वाईट, कारण आखाडा नेमका पाण्याच्या सोयीसाठी ओढ्याजवळ असतो. नुकतीच उगवलेली सोयाबीन आणि हळदीची कोवळी रोपे मातीसकट गेली.

राज्यात तेव्हा नवे सरकार येऊन नऊ दिवस झाले होते. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे दिल्लीत होते. 9 तारखेला त्यांनी हिंगोलीचे जिल्हाधिकारी जितेंद्र पापळकर यांना फोन करून अडकलेल्या नागरिकांना सुरक्षित ठिकाणी हलवण्याच्या सूचना दिल्या. त्या फोनची बातमी झाली आणि कुरुंदा हे नाव मुंबईच्या वाहिन्यांवर एक दिवस राहिले. शोध आणि बचावाची यंत्रणा धावली हे खरे. पण पूर रात्रीत आला आणि पाणी दिवसा ओसरू लागले. अशा पुरात बचाव पथक पोचेपर्यंत जे वाचायचे ते शेजाऱ्यांनीच वाचवलेले असते.

कुरुंद्याला आधी इशारा देता आला असता का? हवामान विभागाचा इशारा जिल्ह्यासाठी असतो, फार तर त्याच्या काही भागांसाठी. कोणत्या ओढ्याला किती वाजता पाणी येईल हे त्यात नसते. दक्षिण आशियासाठी अचानक येणाऱ्या पुरांची पूर्वसूचना देणारी व्यवस्था 2020 मध्ये सुरू झाली, ती सहा ते चोवीस तास आधी धोका सांगते. पण तिला खाली टेकायला जमिनीवरची मोजणी हवी. हिंगोलीत तीस महसूल मंडळे आहेत, आणि मंडळातले पर्जन्यमापक यंत्र साधारण दीडशे चौरस किलोमीटरच्या वतीने बोलते. ढगफुटीसारखा पाऊस त्याच्या पाचव्या हिश्शात पडून मोकळा होऊ शकतो.

याचा परिणाम इशाऱ्यापुरता राहत नाही. सरकारी व्याख्येत चोवीस तासांत 65 मिलिमीटरांहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी, आणि मदतीचा विचार तिथून सुरू होतो. गाव बुडाले पण यंत्रावर 60 भरले, तर तलाठ्यापुढे रांगा लागतात आणि वाद सुरू होतो. 2023 च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने सततच्या पावसालाही आपत्ती मानले, तेव्हा रोज दहा मिलिमीटर असा पाच दिवस पडणारा पाऊस मदतीच्या कक्षेत आला. चिबडलेल्या शेतांना त्याचा उपयोग झाला. एका रात्रीत खरडून गेलेल्या वावराला मात्र अजूनही त्या एकाच यंत्राची साक्ष लागते.

दोन वर्षांनी पाळी कयाधूची आली. 2024 च्या ऑगस्टअखेरीस बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा तीव्र होत गेला आणि 1 सप्टेंबरच्या पहाटे आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर चढला. (त्याच आठवड्यात अरबी समुद्रात एक चक्रीवादळ होते. त्याला पाकिस्तानने सुचवलेले नाव मिळाले होते, ‘असना’. वसमतकरांना त्यात काय वाटले असेल!) विजयवाडा बुडवून तो पट्टा तेलंगण आणि विदर्भाकडे आला आणि मराठवाड्यावर दोन दिवस पाऊस पडला. 2 सप्टेंबरला पोळा होता. आदल्या दिवशी बैलांच्या खांदमळणीची वेळ, आणि बैल धुवायला न्यायची नदीच गावात आलेली.

या वेळी फक्त आसना नव्हती. कयाधूही पात्राबाहेर पडली. हिंगोली शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले, समग्याच्या पुलासारख्या ठेंगण्या पुलांवरून पाणी गेले आणि पलीकडची गावे तुटली. इथले पूल हा वेगळा धडा आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांधलेले हे पूल त्या काळच्या सर्वसाधारण पुरासाठी बांधले होते. त्यांच्या मोऱ्यांत झाडे आणि काटेरी झुडपे अडकली की पूल स्वतःच बंधारा होतो. पाणी मागे फुगते आणि बाजूने फोडून निघते. कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बरगे वेळेत काढले नाहीत तर तेच होते: बंधारा उभा राहतो आणि नदी त्याला वळसा घालून शेजारचे शेत घेऊन जाते.

आणि पैनगंगा? ईसापूर भरत आले की विसर्ग वाढवावा लागतो. खाली पैनगंगा तुडुंब असली की कयाधूला तिच्यात शिरायला जागा मिळत नाही, आणि तिचे पाणी मागे तुंबते. धरण इथे पूर आणत नाही, पण दुसऱ्या नदीचा पूर ओसरू देत नाही. हा परस्परसंबंध परिचालन सूचीत बसवणे सोपे नाही, कारण सूची एका धरणाची असते आणि कयाधू कोणत्याच धरणाच्या सूचीत नसते.

पाण्याच्या राजकारणात मात्र कयाधू आहे. खरबी येथे बंधारा घालून तिचे पुराचे पाणी कालव्याने ईसापूरला नेण्याची योजना पुढे आली, तेव्हा हिंगोलीतून तिला जोरदार विरोध झाला. आमच्या नदीचे पाणी आमच्याच जिल्ह्याच्या अनुशेषाला न देता पुढे नांदेडकडे का, हा सवाल. योजनेच्या बाजूने बोलणारे म्हणतात, वाहून जाणारे पाणी साठले तर बिघडले कुठे? दोन्ही बाजू पाण्याच्या मालकीबद्दल बोलतात. पुराबद्दल कुणी फारसे बोलत नाही. मला हे नवल वाटत नाही. मराठवाड्यात पाण्यावरची सगळी भाषा टंचाईच्या काळात घडली आहे, आणि पुराला त्या भाषेत अजून जागा मिळालेली नाही.

2025 चा पावसाळा या सगळ्यावर कळस ठरला. ऑगस्टच्या मध्यात शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, मुखेड तालुक्यात, 17 ते 18 तारखेच्या रात्री 206 मिलिमीटर पाऊस झाल्याचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितले. हसनाळ, रावणगाव, भासवाडी ही गावे पाण्यात गेली, माणसे मेली, लष्कर बोलवावे लागले. तिथे लेंडी धरणाच्या घळभरणीचे काम त्याच वर्षी झाले होते, आणि बुडीत क्षेत्रातल्या गावांचे पुनर्वसन पुरे व्हायच्या आतच पाणी चढले. म्हणजे आसनेवर धरण नसल्यामुळे गाव बुडाले, तर लेंडीवर धरण झाल्यामुळे. ‘धरण हवे की नको’ या चौकटीत हा प्रश्न मावत नाही, हे दाखवणारे याहून ठसठशीत उदाहरण शोधून सापडणार नाही.

सप्टेंबरात बीड, धाराशिव, लातूर, सोलापूर, परभणी, नांदेड, हिंगोली असा सारा पट्टा पुन्हा पुन्हा भिजला. येलदरी, सिद्धेश्वर, ईसापूर, तिन्ही धरणे विसर्ग करत होती आणि मधले ओढे आपल्या मनाने वाहत होते. काढणीला आलेली सोयाबीन उभ्या जागी कुजली, शेंगांना कोंब फुटले. हळदीला कंदकुजीने गाठले. राज्यभरात 68 लाख हेक्टरांवरच्या पिकांचे नुकसान झाल्याचे सरकारने सांगितले आणि 7 ऑक्टोबरला 31,628 कोटी रुपयांची मदत जाहीर केली. कोरडवाहू शेतीला हेक्टरी 18,500 रुपये, हंगामी बागायतीला 27,000. बुजलेल्या विहिरीला 30,000.

त्या यादीत एक आकडा वेगळा होता: खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी 47,000 रुपये रोख आणि रोजगार हमीतून 3 लाख रुपयांची कामे. इतर बहुतेक मदत गेलेल्या हंगामाची होती, ही गेलेल्या जमिनीची. ओढा जेव्हा वावरातून वाट काढतो तेव्हा तो वरचा हात-दीड हात थर नेतो. खाली मुरूम उरतो, आणि त्यावर पुढची कित्येक वर्षे काही धड येत नाही. पीक विम्यात याला जागा नाही आणि पंचनाम्याच्या ‘33 टक्क्यांहून अधिक नुकसान’ या रकान्यातही हे मावत नाही, कारण इथे पिकाची टक्केवारी काढायला शेतच राहिलेले नसते.

या पुरांनंतर जी मागणी गावोगाव ऐकू येते ती धरणाची नाही. ओढे आणि नाले मोकळे करा, पात्रातली अतिक्रमणे काढा, पूल उंच करा, गावाच्या अंगाला संरक्षक भिंत घाला, अशी ती आहे. जलसंपदा विभाग मोठ्या नद्यांवर पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखतो. ओढ्यांना अशा रेषा क्वचितच असतात, म्हणून ओढ्याच्या काठावर, कधी ओढ्याच्या पोटातच, घर आणि दुकान होते, आणि ते बेकायदा आहे हे कुणाला पूर येईपर्यंत आठवत नाही. नाला खोलीकरण जलयुक्त शिवार योजनेच्या काळात ठिकठिकाणी झाले. त्याने पाणी मुरले हे खरे. पण सरळ आणि रुंद केलेला नाला खालच्या गावावर पाणी लवकर सोडतो, आणि हा हिशेब नाला खोदताना एखाद्याच गावात मांडला गेला. माथ्यावर चर आणि झाडे, मध्ये शेततळी आणि घातलेले बांध, खाली मोकळा नाला, असे पूर्ण पाणलोटाचे काम कयाधूच्या काठच्या गावांत स्वयंसेवी संस्थांनी करून पाहिले आहे. ते हळू चालते, आणि उद्घाटनाच्या कोनशिलेला त्यात जागा सापडत नाही.

मातीचा हिशेब अजून बाकी आहे. हिंगोलीच्या वावरांतून गेलेला काळा थर कुठे गेला? आसनेचा गोदावरीत. कयाधूचा पैनगंगेत. औंढा आणि सेनगावच्या डोंगरावरून पूर्णेत उतरलेल्या ओढ्यांनी नेलेला थर मात्र फार दूर गेलेला नाही. सिद्धेश्वरच्या तळाशी तो साचतो आहे आणि मुळात लहान असलेला उपयुक्त साठा आणखी खातो आहे. राज्यात 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आहे. धरणातला गाळ शेतकऱ्याने नेऊन शेतात टाकायचा. उन्हाळ्यात ट्रॅक्टर आणि टिप्पर तलावांच्या कोरड्या पात्रांत उतरतात, आणि खरडलेल्या जमिनीला मिळालेल्या मदतीचा एक भाग गाळ वाहण्याच्या भाड्यात जातो.